लाल कापडातली लेस

शिवणाच्या मशीनला सुईजवळ एक छोटा धातूचा पाय असतो. तो कापड दाबून धरतो आणि खालचे दाते कापड पुढे ढकलतात. आपल्याला फक्त पायडल मारायचं काम उरतं. तो पाय काढून टाकला आणि दाते पत्र्याने झाकले, की कापड आपणहून कुठेच जात नाही. मग ते लाकडी रिंगमध्ये ताणायचं आणि दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. डावीकडे, उजवीकडे, गोल, उलटं, हवं तसं. पेन्सिलीने चित्र काढण्यासारखंच ते, फक्त इथे पेन्सिल जागेवर उभी असते आणि कागद फिरवावा लागतो. शिवाय पेन्सिल बोटात घुसत नाही.

हे मी झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी क्वार्टरमध्ये शिकले. वडील सुभेदार होते. शेजारच्या पंजाबी चाचींकडे मशीन होतं आणि माझ्याकडे दुपारचा वेळ होता. लग्न होऊन झाशीला नगरा मोहल्ल्यात आले तेव्हा स्वतःचं मशीन बरोबर आणलं. सासरचं घराणं झाशीतलं जुनं. किती जुनं, हे विचारलं की पेशवाईपासून सुरुवात होते, म्हणून मी विचारत नाही.

सासूबाईंच्या हातात क्रोशाची सुई असे. त्यांनी विणलेल्या लेसने घरातली प्रत्येक वस्तू झाकलेली होती. रेडिओ, टीव्ही, पाण्याचा जग, लोणच्याच्या बरण्या, टेलिफोन. टेलिफोनच्या झाकणाला चार बाजूंनी झालर होती आणि घंटी वाजली की आधी ती झालर बाजूला करण्यात वेळ जाई. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच त्यांनी मला क्रोशा शिकवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू मशीनच चालव." मी चालवलं. चौदा वर्षं शेजारणींच्या साड्यांना फॉल लावले. "भाभी, बस दो मिनट का काम है," असं म्हणत त्या येत आणि दोन तास बसत.

चौदाव्या वर्षी सीपरी बाज़ारातल्या बायकांच्या शिवण केंद्रात शिकवणाऱ्या बाईंची जागा रिकामी झाली. भांड्यांच्या दुकानावर तीन खोल्या, अकरा मशीनं. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे एखादी गोष्ट हवी म्हटली की ती का नको यावर चर्चा होते. मला रोज सकाळी साडी नेसून, कुलपाची किल्ली घेऊन, कुठेतरी वेळेवर पोहोचायचं होतं. एवढंच.

माझ्याकडे शिवणाचा डिप्लोमा नव्हता. दुसऱ्या अर्जदार बाईकडे होता. केंद्राच्या मॅडम मोठ नावाच्या गावाहून बसने येत, मंगळवारी आणि शुक्रवारी. सडसडीत, चष्म्यातून वरून बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, "डिप्लोमा नहीं है तो काम दिखाइए. एक कपड़ा बनाइए जो पहना जा सके. किताब का नमूना नहीं चलेगा. और पहना हुआ देखूँगी, हैंगर पर नहीं." तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दुपारी दोनच्या आत. शनिवारी त्या समितीपुढे नाव ठेवणार होत्या.

मी जॅकेट करायचं ठरवलं. लांब बाह्यांचं, पुढून उघडं आणि सगळं लेसचं. क्रोशाच्या लेसचे तुकडे कागदावर मांडायचे, टाचून घ्यायचे, आणि मधल्या मोकळ्या जागेत मशीनने धाग्यावर धागा टाकून जाळी तयार करायची. धागे एकमेकांना धरून राहतात. शेवटी खालचा कागद फाडून काढला की मागे कापड नसतंच, नुसती लेस आणि टाके उरतात. बघणाऱ्याला हे सगळं कशावर उभं आहे ते कळत नाही.

पहिल्या तुकड्याला मी वर्तमानपत्र वापरलं. पांढऱ्या लेसवर एका निविदा सूचनेच्या तीन ओळी उमटल्या. मग नवऱ्याने ऑफिसातून ट्रेसिंग पेपर आणून दिला. ते कालव्यांच्या खात्यात नकाशे काढत. रद्दीत निघालेले नकाशे होते ते.

लेस मला सासूबाईंनीच दिली. म्हणजे मी विचारलं, "आई, पेटीतली जुनी लेस घेऊ का जरा?" त्या तांदूळ निवडत होत्या. "घे," म्हणाल्या. "ठेवून तरी काय करायची आहे."

पेटीत दोन गाठोडी होती. एक जुन्या धोतराच्या फडक्यात, एक लाल कापडात. फडक्यातल्या लेसला कसर लागली होती. लाल कापडातली लांबच लांब गुंडाळी मात्र स्वच्छ होती. साठ नंबरच्या बारीक दोऱ्याची, अननसाच्या नमुन्याची. सासूबाईंनी तोवर अननस खाल्ला नव्हता, पण विणले शेकड्यांनी होते. मी ती गुंडाळी घेतली.

इथे एक खुलासा करायला हवा. सासरच्या घरात लाल कापड म्हणजे देवाचं. पोथी, शंख, मुखवटे, सगळं लाल कापडात. हे मला माहीत होतं. पण माझी वाढ बबीन्याची. तिथे चांदमारीच्या मैदानावर गोळीबार सुरू असताना लाल निशाणं लावत, आणि ती विरली की क्वार्टरमध्ये फडकी म्हणून येत. आमच्या घरी लाल कापडात बुटांचा ब्रश, पॉलिशची डबी आणि आईच्या स्वेटरच्या सुया असत. लाल दिसलं की माझा हात अजूनही पुसायला पुढे होतो. चौदा वर्षांत हात बदलला नव्हता.

आणि ती झालर मी ओळखायला हवी होती. दर भाद्रपदात गौरींच्या मखराला ती लावलेली असे. पण मखर सासूबाईंचं काम आणि पुरण माझं. मी झालर बघायची ती लांबून, झेंडूच्या माळांमागे, हातात उलथणं घेऊन. गुंडाळी केलेली मी कधी पाहिली नव्हती. ओळखली नाही. कापली. पाठीवर सहा अननस लावले, दोन्ही बाह्यांवर चार-चार, बाकीचे पुढे, आणि मध्ये जाळी.

जॅकेट पुरं झालं त्या गुरुवारी संध्याकाळी गौरी यायच्या होत्या. म्हणजे शुक्रवारी पूजन, शनिवारी विसर्जन. मी हिशेब केला होता. शुक्रवारी पहाटे पुरण शिजवायचं, साडेबाराला नैवेद्य, एकला रिक्षा, दीडला सीपरी बाज़ार. झाशीत गौरी चार घरांत असतात, त्यामुळे केंद्राला सुट्टी नव्हती.

गुरुवारी दुपारी सासूबाईंनी पेटी उघडली. मी स्वयंपाकघरात होते. मग त्या दाराशी आल्या. हातात नुसतं लाल कापड.

"यातली झालर कुठे आहे?"

मला तेव्हा कळलं. मी हात पुसले, आतून जॅकेट आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी ते घेतलं, खिडकीपाशी नेलं, पाठीवरचे अननस मोजले. "हा पहिला," एका अननसावर बोट ठेवून म्हणाल्या, "याचं एक पान चुकलंय. तेव्हा मला येत नव्हतं." पुन्हा सगळं उलटसुलट केलं. "कात्रीने कापलीस?"

"हो."

"उसवायची तरी."

"मला वाटलं जुनी आहे."

"जुनीच आहे," त्या म्हणाल्या. "देवीची आहे म्हणून काही नवी होत नाही."

मी सांगितलं की मी सगळं सोडवून पुन्हा जोडून देते. त्या म्हणाल्या, रात्रीतून? आणि कापलेली टोकं कुठून आणणार? मग म्हणाल्या, "गौरींची वस्तू गौरींच्या अंगावर जाईल. मखराला नाही तर नाही."

"आई, उद्या दीड वाजता मला ते केंद्रात दाखवायचंय."

"उद्या गौरी जेवायच्या आहेत. अंगावरचं उतरवायचं ते विसर्जनाला. परवा ने."

"मॅडमना ते उद्या दोनच्या आत बघायचंय. परवा समिती बसणार आहे. मला ती नोकरी हवी आहे."

ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या काही बोलतील. त्या म्हणाल्या, "फडताळातले मुखवटे काढ."

आता गौरी दोन आणि जॅकेट एक. थोरलीला घालावं तर धाकटीचं काय, धाकटीला घालावं तर थोरली बघत बसणार. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजे आणि ती उत्तर हिंदीत देई. ती म्हणाली, "टॉस कर लो, आजी." आजीने तिला दिवे पुसायला बसवलं. मग दोन्ही गौरींचे स्टँड एकमेकींना अगदी चिकटून ठेवले, दोघींना साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले, आणि सासूबाईंनी जॅकेट मागून दोघींच्या खांद्यांवर मिळून टाकलं. डावी बाही थोरलीची, उजवी धाकटीची. थंडीत एका शालीत बसलेल्या बहिणींसारख्या त्या दिसत होत्या. मला मान्य करायला हवं, जॅकेट चांगलं दिसत होतं. मुलगी म्हणाली, "दोनों मॉडर्न हो गईं."

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला केंद्रात पाठवलं. त्यांना लांबण लावायची सवय नाही. परत आल्यावर म्हणाले, "सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की जॅकेट तयार आहे, पण घरात पूजा आहे आणि देवीला घातलंय, उद्यापर्यंत काढता येणार नाही."

"मग?"

"त्या म्हणाल्या, आजवर मशीन बिघडलं, मूल आजारी पडलं, असं ऐकलंय. हे पहिल्यांदाच ऐकते."

"आणि?"

"पत्ता विचारला."

दुपारी पाऊणला मॅडम रिक्षातून उतरल्या. मी पुरणाच्या हातानेच दार उघडलं. त्या म्हणाल्या, "मेरी तीन बजे की बस है. कहाँ है?"

मी त्यांना आत नेलं. त्या मखरासमोर उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला. "मैंने कहा था, पहना हुआ देखूँगी."

मागून सासूबाई म्हणाल्या, "पहनी तो है. दो जनी ने पहनी है."

मॅडमनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मी ओळख करून दिली. सासूबाईंनी नमस्कार केला आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मला वेगळीच काळजी वाटू लागली, कारण त्या दिवशी जेवायला सांगितलेली सवाष्ण, बबीन्याच्या एका हवालदाराची बायको, आली नव्हती. बस मिळाली नाही असा निरोप आला होता. आणि सवाष्ण जेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही.

"आपके वो हैं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"जी?"

"घरवाले."

"हैं," मॅडम म्हणाल्या. "मोठ में हैं."

"ठीक हैं?"

"घुटने में दर्द रहता है."

"तो बैठिए. पहले हाथ-पाँव धो लीजिए."

मॅडम म्हणाल्या की त्या जेवायला आलेल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या की जेवायला कुणीच येत नसतं, पण पान मांडलेलं आहे. मी म्हटलं, "मैडम, बिना हाथ धोए वो छूने नहीं देंगी." हे खरं होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि चपला काढल्या.

त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पाटावर बसवलं. पुरणपोळी त्यांनी पहिल्यांदाच खाल्ली असावी. पहिली संशयाने खाल्ली, दुसरी नाही म्हणत, तिसरी न बोलता. सासूबाई वाढत होत्या आणि मधूनमधून गुडघ्यावरचे उपाय सांगत होत्या. मी दाराशी उभी राहून घड्याळ बघत होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली.

हात धुऊन मॅडम मखराशी आल्या. आता त्यांना हात लावायची परवानगी होती. मात्र गौरी हलवायच्या नाहीत, जॅकेट उचलायचं नाही. त्यांनी डावी बाही टोकाकडून दोन बोटांत धरली आणि उलटी केली. शिवण जाणणारं माणूस सुलट बाजू बघतच नाही. त्यांनी टाके जवळून पाहिले. जाळी बोटाने ताणून पाहिली. सुटली नाही. "पैर निकालकर किया है?"

"जी."

"तनाव ठीक है. धागा कहीं टूटा नहीं." मग त्यांना शिवणीत अडकलेला कागदाचा कपटा दिसला. त्यावर निळी रेघ होती आणि अर्धा आकडा. "ये क्या है?"

"नहर," मी म्हटलं.

नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "पुराना नक्शा है. वो नहर बनी नहीं."

मॅडमनी कपटा नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवला. मग उजवी बाही पाहिली. मग पुढचे अननस. बराच वेळ. त्यांनी एका अननसावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "और ये लेस? ये भी आपने बनाई?"

केंद्रात शिकवायच्या होत्या दोन गोष्टी, मशीनची शिवण आणि हातची लेस. मॅडमनी ते पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मी ठरवलं होतं की कुणी विचारलं नाही तर लेस कुणाची ते मी बोलणार नाही. तीन आठवडे मी त्या विचाराने बऱ्यापैकी झोपले होते. पण आता त्यांनी विचारलं होतं आणि विणणारी बाई ताटं उचलत होती.

मी म्हटलं, "नहीं. इनकी है."

सासूबाई ताटं घेऊन थांबल्या. "काट दी इसने," त्या म्हणाल्या. "चालीस साल पुरानी. मगर जोड़ी अच्छी है. मैंने देख लिया, कहीं झोल नहीं है."

चौदा वर्षांत त्यांनी माझ्या शिवणाबद्दल पहिल्यांदा बरं बोललेलं ते वाक्य. तेही हिंदीत आणि दुसऱ्या कुणाला.

मॅडम म्हणाल्या, "आपको क्रोशिया आता है?" मला विचारलं होतं.

"तीन दिन सीखा था," मी म्हटलं.

"हाथ कड़ा है," सासूबाई म्हणाल्या. "इसका नहीं होगा."

मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि उभ्याउभ्या लिहिलं. मग वाचून दाखवलं, कदाचित मी पुन्हा विचारायला नको म्हणून. मशीनचं काम उत्तम. लेस स्वतःची नाही. त्या समितीला सांगणार होत्या की मशीन शिकवायला मला घ्यावं, सकाळची वेळ, आणि दुपारच्या लेसच्या वर्गाला दुसरं कुणी बघावं. डिप्लोमावाल्या बाईंना लेस येत होती का, ते त्यांना अजून बघायचं होतं. "आधी जगह," त्या म्हणाल्या. "पूरी नहीं दे सकती. झूठ बोलतीं तो शायद पूरी दे देती, और पहले ही हफ़्ते पकड़ी जातीं."

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "माताजी, आप आएँगी? हफ़्ते में दो दोपहर. लड़कियाँ बैठी रहती हैं, सिखानेवाला नहीं मिलता."

मला वाटलं सासूबाई हसतील. त्या बाहत्तर वर्षांच्या होत्या आणि लग्नाला-बारशाला सोडून घराबाहेर पडत नसत. त्यांनी ताटं खाली ठेवली आणि विचारलं, "नीचे बैठना पड़ेगा या कुर्सी है?"

"कुर्सी है."

"चातुर्मास के बाद बताऊँगी," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमना तीनची बस मिळाली. नवऱ्याने त्यांना स्टँडवर सोडलं. बरोबर सहा पुरणपोळ्या गेल्या, गुडघेवाल्यांसाठी.

शनिवारी दुपारी विसर्जनाच्या अक्षता टाकल्यावर सासूबाईंनी जॅकेट उतरवलं. खांद्यावर हळदीचे दोन ठिपके पडले होते. त्यांनी ते माझ्याकडे दिलं. गौरीच्या अंगावरचं वस्त्र घरच्या सुनेनं घालायचं असतं, तशी रीतच आहे. मी ते घालून चारच्या सुमारास समितीपुढे गेले. समितीत तीन माणसं होती. त्यांपैकी एकाने ठिपक्यांकडे पाहून विचारलं, की हे डिझाइनमध्ये आहे का. मॅडम म्हणाल्या, "है." मला अर्धी जागा मिळाली. डिप्लोमावाल्या बाईंनी अर्ध्या जागेला नकार कळवला, तो त्यांच्या परीने बरोबर होता.

सोमवारपासून मी जाऊ लागले. सकाळी आठ ते बारा. किल्ली माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मुलींनी तीन सुया मोडल्या आणि एकीने स्वतःची ओढणी रिंगमध्ये शिवून घेतली. लेसचा वर्ग बंदच होता. मॅडम दर मंगळवारी विचारत, "माताजी ने क्या कहा?" मी सांगे, चातुर्मास चालू आहे. घरी मी विषय काढला नाही. काढला असता तर त्या नाही म्हणाल्या असत्या, एवढं मला चौदा वर्षांत कळलं होतं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या मंगळवारी मी डबा भरला, किल्ली घेतली आणि बाहेर आले, तर त्या ओसरीवर इरकल नेसून, चपला घालून उभ्या होत्या. काखेत पिशवी होती. त्यातून दोऱ्याच्या लडी दिसत होत्या. वर्ग दुपारी दोनला होता. सकाळचे साडेसात वाजले होते.

"आई, तुमचा वर्ग दुपारी आहे."

"माहीत आहे. कुर्सी कशी आहे ते आधी बघायला नको?" त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "एकच घेतलास?"

मी आत जाऊन दुसरा डबा भरला.